भाताचा पाट

चहाचे दोन कप घेऊन मी सुतारमेटाच्या, म्हणजे यांच्या कामाच्या खोलीच्या दारात पोचले, तर आत आमचे हे हसत होते.

गालातल्या गालात नव्हे. मान मागे टाकून, ठसका लागेपर्यंत. लग्नाला तेव्हा एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि या माणसाला असं हसताना मी दोनदा पाहिलं होतं. एकदा सुहास झाला तेव्हा, आणि एकदा सरपंच भर मांडवात खुर्चीसकट उलटे झाले तेव्हा. खुर्ची आमच्या घरची नव्हती, म्हणून.

आत आमची सून प्रणाली रंधा धरून उभी होती. ओढणी कमरेला बांधलेली, केसांत लाकडाची सालपटं. रंधा फळीत रुतून बसलेला, पुढे जाईना की मागे येईना, आणि ही त्याला नांगराचा बैल हाकावा तशी हाकत होती. हा तुमचाच आहे बाबा, माझं कुठे ऐकणार, असं काहीसं ती म्हणाली आणि हे पुन्हा हसले.

मी कप टेकवले. दोघं गप्प झाली, मास्तर वर्गात आल्यावर पोरं होतात तशी.

"रंधा दिलात तिच्या हातात," मी म्हटलं.

"माझा हात थरथरतो. तुला दिसत नाही का?"

दिसत होतं. दोन वर्षं दिसत होतं. उजव्या हाताला कंप सुटला आणि विश्राम मेस्त्रींनी सुतारकी सोडली. त्याआधी चार गावांत लग्न ठरलं की आधी आमच्या दारात माणूस यायचा, नवरा-नवरीच्या पाटांसाठी. मेस्त्र्यांचा पाट म्हणजे फणसाचा, हळदीसारखा पिवळाजर्द, आणि तरी नवरदेवाच्या ओल्या पंच्याला रंग न लावणारा. दुसऱ्या सुतारांचे पाट रंग सोडायचे. आमचा सोडत नसे. लोक विचारायचे तेव्हा हे सांगायचे, लाकूड ओळखता आलं पाहिजे, जुनं झाड, वाळलेला गाभा, डोळा लागतो त्याला. लोक मान डोलवायचे. कंप सुटल्यावर मात्र यांनी हत्यारांवर गोणपाट टाकलं आणि ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. बोलणं आधीच मोजकं, ते आणखी आटलं. दिवसाला चार शब्द. त्यातले दोन मांजराला.

आणि आता या पोरीने ते गोणपाट काढलं होतं.

झालं असं. लग्नाआधी प्रणाली पणजीला एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला होती. तिथला ग्लेन म्हणून तिचा वरचा माणूस, त्याने स्वतःचं जपानी खाण्याचं हॉटेल काढलं. त्या लोकांचा एक प्रकार असतो, सुशी. आंबवलेल्या नव्हे, आंबट केलेल्या भाताचे मुटके आणि त्यावर माशाची कापटी. कच्च्या माशाची. मी म्हटलं, आमचं मांजर मग जन्माचं जपानी. तर ही सुशी ताटात वाढत नाहीत, लाकडाच्या फळीवर मांडून आणतात. फळीला खाली दोन पाय. प्रणालीने फोनमध्ये चित्र दाखवलं. मी पाहिलं आणि हसू आवरेना. पाट होता. आपला पाट, फक्त लांबट आणि बुटका, पाटाने पिल्लू घातल्यासारखा. आमच्यात माणूस पाटावर बसतो आणि भात पानात. त्यांच्यात भात पाटावर बसतो, माणूस कुठे बसत असेल देव जाणे.

ग्लेनच्या बाहेरून आणलेल्या फळ्या आपल्या दमट हवेत तडकत होत्या. प्रणाली त्याला म्हणाली, माझ्या सासऱ्यांना एक करू दे. बरी निघाली तर चाळीस हव्यात, असं तो म्हणाला. सुहास बोटीवर, आठ महिने घरी नाही. पोरीला दिवस खायला उठत असेल, ते मला कळत होतं. तिने काहीतरी करावं याला माझी ना नव्हती. पण माझ्या नवऱ्याचे हात होऊन तिने करावं, हे मला कोणी विचारलं नाही.

आमच्या घराची रीत अशी, की बाईने हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला पटाशी, करवत, रंधा, वाकस सगळं मांडून पूजा व्हायची. मी रांगोळी काढायची, नारळ ठेवायचा आणि मागे सरायचं. भुसा झाडताना वाटेत पटाशी पडलेली असली तर ती ओलांडायची नाही, उचलायचीही नाही, यांना हाक मारायची. नवी नवरी असताना एकदा यांच्या गैरहजेरीत मी रंध्याच्या मुठीवर हात ठेवून पाहिला होता. मूठ यांच्या तळव्याच्या आकाराची झिजली होती. माझा हात त्यात हरवला. पावलं वाजली तसा मी हात काढला आणि पुढे कधी लावला नाही. एक्केचाळीस वर्षं त्या रंध्याखालचा भुसा मात्र माझ्या केरसुणीने गेला.

आणि ही, घरात येऊन धड दीड वर्षं नाही.

मग रोजचंच सुरू झालं. सकाळी न्याहारी झाली की दोघं मेटात. हे स्टुलावर बसून सांगणार, ही करणार. आणि सांगणार म्हणजे किती सांगणार. माझ्याशी मिठाच्या बरणीपुरतं बोलणारा माणूस तिला लाकडाच्या रेषा वाचून दाखवत होता. ही रेषा उठते, तिच्या उलट गेलीस तर ती तुला फाडून देईल. रंध्याचं पातं दगडावर कसं ओढायचं, कानाने कसं ओळखायचं, चांगल्या धारेचा आवाज रेशीम फाटल्यासारखा येतो. हे मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. भिंतीला एक भोक आहे, पूर्वी तिथून वायर जायची. मुद्दाम ऐकत नव्हते असं मी म्हणणार नाही. म्हातारपणी खोटं कशाला बोला.

पानावर बसले तरी तेच. पायांची खाच उद्या घेऊ. खिळा नको, खाचेतच सरकवून बसवू. मी वाढत होते. आमटी कशी झालीय असं मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा प्रणालीने, छान झालीय आई, म्हणून सांगितलं. यांनी नाही.

एकदा शेजारचे धाकू भावोजी पान खायला आले होते, त्यांना हे म्हणाले, "पोरीला हात आहे हो." मी चुन्याची डबी पुढे करत होते. ती डबी मी भावोजींच्या मांडीवर पालथी घातली. चुकून.

त्या रात्री भाकरी करताना मी प्रणालीला म्हटलं, सुतारणीचा नवरा सुतार असतो, सुतारीण सुतार नसते, एवढं ध्यानात ठेव. ती वाईट मानून घेत नाही, हा तिचा दुर्गुण. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, आई, बाबा सांगतात तेव्हा त्यांचा हात थांबतो, बघितलंत का तुम्ही? मी बघितलं नव्हतं. मला दारात उभं राहून बघावं लागत होतं आणि दारातून यांचा डावा हातच दिसायचा.

चौथ्या आठवड्यात पाट झाला.

खोटं कशाला सांगू, देखणा झाला. वीतभर रुंद, हातभर लांब. फणसाच्या जुन्या फळीचा गाभा, मधासारखा. कडा गोल घेतलेल्या, पाय खाचेत असे बसलेले की नख जाईना. हे मांडीवर घेऊन त्यावरून डावा हात फिरवत होते, आणि फिरवता फिरवता उजवाही फिरवायला लागले. मी जवळ गेले. आता तो माझ्याकडे येणार हे मी धरूनच चालले होते. आमच्या घरातला प्रत्येक पाट मेटातून निघाला की परसात माझ्याकडे यायचा. मी हात पुढे केला.

प्रणालीने पाट उचलून छातीशी धरला. फार गोड बोलली. म्हणाली, "आई, याला तुम्ही काही करू नका हं. याला तेलपाणी काही लावायचं नाही. ग्लेनने सांगितलंय, लाकूड कोरं पाहिजे. आणि पाण्यात बुडवलं तर वाकेल."

मी यांच्याकडे पाहिलं. एक शब्द. आधी आईचं काम होऊ दे, एवढा एक शब्द या माणसाने काढला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. हे म्हणाले, "बरोबर आहे तिचं. धुवायला काय, कपड्याने पुसला की झालं."

धुवायला.

आता काय ते सांगते. फणसाच्या गाभ्यात रंग असतो. किती का जुना असेना, किती का वाळेना. ओलं लागलं की पिवळा उतरतो. आमच्या घरचा पाट रंग सोडत नसे तो यांच्या डोळ्यामुळे नव्हे. मी या घरात आले त्या वर्षी सासूबाईंनी मला परसात नेलं, तिथे दगडी डोण आहे, गुरांना पाणी ठेवतात तसली. त्यांनी मला पाटाचा रंग काढायला शिकवलं. पाय सोडवायचे, पाट पाण्यात ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, मधल्या पाण्यात चुलीतली राख, शेवटच्या पाण्यात चिंच, मग सावलीत कडेवर उभा करून वाळवायचा, दोन्ही अंगांनी वारा लागला पाहिजे, नाहीतर वाकतो. पहिलं पाणी हळद कालवल्यासारखं होतं, शेवटचं विहिरीसारखं. सासूबाई म्हणाल्या, बाप्यांनी केलेली ती फळी. पाण्यातून निघतो तो पाट. आणि म्हणाल्या, हे त्यांना सांगत बसू नये, त्यांना वाटू दे त्यांनीच केला. त्यांना त्यांच्या सासूने तसंच सांगितलं होतं. तेव्हा यांच्या लेखी मी पाट धूत होते. एक्केचाळीस वर्षं.

मला ठाऊक होतं त्या पाटावर ओला भात ठेवला की काय होणार. तोंड उघडायचं होतं फक्त. प्रणाली पाट छातीशी धरून माझ्याकडे बघत होती, मी रागावले की काय असं बघत होती.

"बरं," मी म्हटलं, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

ग्लेन रविवारी आला. उंच, लाघवी पोरगा, आल्याबरोबर पाया पडला, मावशी मावशी करून अर्धं घर जिंकलं. भाताचा डबा, बर्फात घातलेल्या माशांची पेटी, सुरी, सगळं बरोबर घेऊन आला होता. यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. सकाळी उठून स्वतःची दाढी स्वतः केली होती, दोन वर्षांत पहिल्यांदा. हनुवटीवर एक कापल्याची खूण होती आणि तीसुद्धा मिरवत होते.

ओटीवर सतरंजी घातली. ग्लेनने पाट हातात घेतला, उलटा केला, पाय पाहिले, खाचेवर बोट फिरवलं. म्हणाला, "खिळा नाही?" यांनी मान हलवली. तो प्रणालीला म्हणाला, असं काम आता मिळत नाही. आमचे हे ऐकू येत नसल्यासारखं दाखवत होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मग त्याने ओल्या फडक्याने पाट पुसला. ते लोक तसंच करतात, म्हणजे भात चिकटत नाही. भाताचे आठ मुटके बोटांनी वळले, पांढरेशुभ्र, मोगऱ्याच्या कळ्या मांडाव्या तसे ओळीने ठेवले. वर सुरमईच्या पातळ चकत्या. प्रणालीने फोटो काढले. खरंच रूप आलं होतं, पिवळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर गुलाबी. मी उंबऱ्यावर बसले होते. मी कोकमाची सोलं घालून सरबत केलं होतं, ते सगळ्यांना दिलं. इतकं गोड मी त्या दिवशी वागले की कोणी ओळखलं पाहिजे होतं.

तेवढ्यात ग्लेनला हॉटेलातून फोन आला. आमच्याकडे ओटीवर फोनवर धड ऐकू येत नाही, तो माडापर्यंत चालत गेला. तिथे तो बोलत राहिला आणि इथे पाटावर भात बसून राहिला. हे प्रणालीला सांगत होते की चाळीस पाटांना फळ्या कुठून आणायच्या, कोणाच्या आवारात पडलेला फणस आहे, त्याला कोणी हात लावला नाही अजून. बोलताना उजवा हात हवेत उचलून दाखवत होते. तो हात थरथरत नव्हता. मी त्या दिवशी बघितलं.

अजूनही वेळ होता. उठून म्हटलं असतं, अहो, तो भात काढून ठेवा आधी. काहीही निमित्त चाललं असतं, माश्या बसतात म्हणून सांगितलं असतं. मी सरबताचे पेले गोळा केले.

ग्लेन परत आला, मांडी घालून बसला, काड्यांनी पहिला मुटका उचलला.

खालून तो पिवळा होता. कडेला फिकट आणि मधे गडद, ताप उतरल्यावर कावीळ दिसावी तसा. त्याने दुसरा उचलला. तिसरा. जिथे भात होता तिथे पाटावर आठ ओले डाग, आणि कडेने पिवळं पाणी सुटलेलं. त्याने वास घेऊन पाहिला. प्रणालीने एक मुटका तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

पोरगा चांगल्या घरचा. काही वेडंवाकडं बोलला नाही. म्हणाला, सुंदर आहे, पण खाण्यात रंग उतरतो म्हटल्यावर मला नाही वापरता येणार. दुसऱ्या लाकडाचं बघू कधीतरी. कधीतरी म्हणजे काय ते आम्हाला कळतं.

प्रणालीचा चेहरा पडला. मी त्याचीच वाट बघत होते, महिनाभर वाट बघत होते. पण तिने तोंड उघडायच्या आत हे बोलले.

"लाकूड मी निवडलं. पोरीचं काम चोख आहे. डोळा माझा गेला."

हे म्हणताना त्यांनी सरबताचा पेला उचलला, मी एक तेवढा विसरले होते, आणि तो असा थरथरला की निम्मं सरबत इस्त्रीच्या सदऱ्यावर.

मी सुनेला पाडायला खड्डा खणला होता. त्यात पडलं कोण ते समोर बसलं होतं.

ग्लेन गेला. हे उठले, मेटात गेले, गोणपाट शोधून काढलं आणि हत्यारांवर टाकलं. नीट टाकलं, चारी कोपरे ओढून. मग ओटीवर आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

दोन दिवस तसेच. जेवायला हाक मारली की येत होते. मांजराशीसुद्धा बोलत नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, एवढं काय मनावर घ्यायचं, एका पाटाचं. तर म्हणाले, एका पाटाचं नाही. आजवर केले ते सगळे असेच गेले असतील आणि लोक तोंडावर बोलले नसतील.

असं वाटत होतं त्या माणसाला. आणि मी शेजारी बसून होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पानं वाढायला घेतली तर स्वयंपाकघरात पाट नव्हते. ओटीवर गेले. प्रणालीने घरातले पाचही पाट ओळीने मांडले होते, ओल्या फडक्याने पुसले होते, आणि प्रत्येकावर आदल्या दिवशीच्या भाताची एकेक मूठ ठेवली होती. हे तिच्याकडे बघत होते, या पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला की काय असं. तिने एकेक मूठ उचलून दाखवली. पांढरी. पांढरी. सगळ्या पांढऱ्या.

"जुने आहेत ते," हे म्हणाले. "रंग बसलाय."

तिने शेवटचा पाट पुढे ओढला. तो यांनी केलेला शेवटचा, कंप सुटायच्या दोन महिने आधीचा. "आणि हा, बाबा? हा त्याच फळीतला आहे ना? तुम्हीच सांगितलंत मला, याच फळीचा उरलेला तुकडा आपण घेतला."

यांनी पाट हातात घेतला, नखाने खरवडला, ओल्या बोटाने घासला, बोट पाहिलं. मग हळूच मान वर केली. आधी प्रणालीने पाहिलं की यांनी, मला सांगता येणार नाही. दोघंही माझ्याकडे बघत होती.

"तू काय करतेस पाटाला?" हे म्हणाले.

"धुते."

"सरळ सांग."

मी सांगितलं. डोण, पाणी, राख, चिंच, वारा. उभ्याउभ्या सांगितलं, हातात भाताचा डाव होता. माझं सांगून होईपर्यंत कोंबडी पायरी चढून आली आणि तिने पहिल्या पाटावरचा भात टिपायला सुरुवात केली.

"चार गावं म्हणतात मेस्त्र्यांचा पाट रंग सोडत नाही," मी म्हटलं. आता सुटलंच होतं तोंड. "तो कोणाच्या डोळ्यामुळे, ते आज कळलं तुम्हाला."

"तुला माहीत होतं तर. रविवारी. तो भात मांडत होता तेव्हा."

"होतं."

"आणि तू सरबत वाटत होतीस."

"होते. मला कोणी विचारलं? हिला रेषा शिकवल्यात, धार शिकवलीत, कानाने ऐकायला शिकवलंत. एक्केचाळीस वर्षं मी तुमचा भुसा काढला, मला कधी मूठभर तरी सांगितलंत? रंधा काय, रंध्याचा आवाज कसा येतो तेही मी भिंतीच्या भोकातून ऐकलं."

हे रागावतील, असं मला वाटलं. मला हवंच होतं. रागावले तर निदान बोलतील. ते बघत राहिले माझ्याकडे, लाकडाकडे बघावं तसे, हिची रेषा कुठून कुठे जाते ते शोधल्यासारखे.

"तू मागितलास कधी?" ते म्हणाले.

मी डावाने कोंबडी हाकलली. माझ्या जिभेपुढे गावातली एक बाई टिकली नाही. रीत होती, हे म्हणता आलं असतं. पण तीच रीत या पोरीने एका सकाळी, बाबा बघू द्या ना, एवढं म्हणून मोडली होती, आणि आभाळ कोसळलं नव्हतं. मी नव्हतं मागितलं. त्यांनी नव्हतं विचारलं. दोघंही एकमेकांच्या पायरीशी चार दशकं उभे होतो आणि कडी कोणी वाजवली नाही.

प्रणाली केव्हा उठून आत गेली ते कळलं नाही. तेवढी अक्कल आहे तिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना परसात आवाज आला म्हणून गेले. हे डोणीच्या कडेवर बसले होते. डागाळलेला पाट आणला होता, पाय खाचेतून सोडवून बाजूला ठेवले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मला बघून म्हणाले, "किती पाणी?"

"बुडेल इतकं."

कळशी उचलायला मी गेले, तर त्यांनी माझ्या हातातून घेतली. डावा हात खाली, उजवा वर. थोडं सांडलं. मी म्हटलं, असं नाही, कडेने सोडा, मधे ओतलं तर पाटाला दणका बसतो. त्यांनी कडेने सोडलं. मग आम्ही दोघं बसून राहिलो. पाट पाण्यात निजला होता आणि त्याच्या अंगातून पिवळं धुरासारखं निघत होतं, वळसे घेत. हे वाकून बघत होते. साठ वर्षं लाकडात काढलेला माणूस, आणि हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"असं होतं होय," म्हणाले.

प्रणाली वही-पेन घेऊन मागच्या दारात आली. लिहून घेते आई, म्हणाली. मी म्हटलं, तू आत जा, तुला नंतर सांगेन, एका डोणीला दोन शिष्य नकोत. ती गेली. हे मिशीत हसले ते मी पाहिलं.

"किती दिवस ठेवायचा?" त्यांनी विचारलं.

"पाच," मी म्हटलं.

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तो माणूस डोणीवर येऊन बसला. आधी पाणी, मग राख, मग चिंच. चिंच किती, हे त्याने मला विचारलं. राख कुठल्या लाकडाची चांगली, ते विचारलं. पाणी उतरेपर्यंत बसायचं तर काहीतरी बोलावं लागतंच, तसं त्याच्या वडिलांचं निघालं, त्यांनी याला पटाशीच्या दांड्याने कसं बडवलं ते. माझ्या माहेरच्या विहिरीचं निघालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने सांगितलं की लग्नाच्या पहिल्या वर्षी मी परसात काय करते ते बघायला तो एकदा आला होता, आणि त्याच्या आईने बायकांच्या कामात काय तोंड घालतोस म्हणून हाकललं होतं. मला हे ठाऊकच नव्हतं. पाचव्या दिवशी पाट काढला, सावलीत उभा केला. त्याचे दोन्ही हात पिवळे झाले होते, हळद लागलेल्या नवऱ्यासारखे.

तो पाट ग्लेनकडे गेला. भात पांढरा राहिला. चाळिसांची मागणी आली, तिच्यामागून आणखी चाळिसांची.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. हे जाऊन दहा. मेट आता प्रणालीचं आहे, हाताखाली वाडीतल्या तीन बाया आहेत, तिघी रंधा मारतात आणि दसऱ्याला पूजेला पुढे बसतात. माझी ना नाही. मेटाच्या भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत कामाची पद्धत लिहून लावलीय, मला धड वाचता येत नाही पण आकडा ओळखता येतो. कधी ग्लेनला घाई असते, फोनवर विनवण्या करतो, दोन दिवस आधी पाठव म्हणतो. ती ऐकत नाही. बाबांनी स्वतः पाच दिवस बसून बघितलंय, म्हणते, मी एक दिवस कमी करणार नाही. मी तिथेच खुर्चीत असते. ऐकते आणि गप्प बसते.

सासूबाईंनी मला तीन दिवस सांगितले होते. तीन दिवसांत फणस होता नव्हता तो सगळा पिवळा सोडतो, चौथ्या दिवशी पाण्यात बघायला काही नसतं. वरचे दोन माझे होते.